शालेय लघुचित्रपट आणि त्याचा प्रकार

प्राथमिक शाळांतील विद्यार्थ्यांकडून पाच-सात मिनिटांचे लहान चित्रपट तयार करवून घेण्याचा उपक्रम अलीकडे काही शाळांतून होऊ लागला आहे. एके काळी चित्रपट म्हटला की कॅमेरा, फिल्म, दिवे, रसायनशाळा असा मोठा पसारा डोळ्यांपुढे उभा राही आणि खेड्यातील शाळेने त्याचा विचारही करू नये, अशी स्थिती होती. आज शिक्षकाच्या खिशातील मोबाईलने चित्रण होते, त्याच मोबाईलवर दृश्ये जोडता येतात आणि वर्गातील संचावर सर्व मुलांना ती दाखविताही येतात. साधन अशा रीतीने सुलभ झाले आहे. परंतु साधन सुलभ झाले म्हणजे साध्यही आपोआप हाती येते, असे नव्हे.

शाळेत तयार होणारा चित्रपट बहुधा एकाच साच्यातून निघतो. विषय स्वच्छतेचा असो, वृक्षारोपणाचा असो की शाळेतील उपस्थितीचा असो, आरंभी काही मुले चुकीचे वागतात, मध्ये त्याचा दुष्परिणाम होतो आणि शेवटी गुरुजी किंवा सरपंच पुढे येऊन कॅमेऱ्याकडे तोंड करून भाषण करतात. भाषणानंतर सर्व मुले टाळ्या वाजवितात व चित्रपट संपतो. तो पाहणारी मुले भाषण सुरू होताच चुळबुळ करू लागतात. त्यांना विषय नको असतो असे नाही. पुढे काय होणार हे आधीच कळल्याने पाहण्यासारखे काही उरलेले नसते.

हे घडण्याचे एक कारण असे की, चित्रपटाचा विषय ठरविला जातो, कथा ठरविली जाते, पात्रे वाटली जातात. परंतु चित्रपट कोणत्या प्रकारचा असावा, हा प्रश्न मुळी विचारलाच जात नाही. ज्याला प्रकार नाही त्या चित्रपटाला सवयीने उपदेशाचे रूप येते. प्रकाराची निवड हे लघुचित्रपटाच्या तयारीतील पहिले व निर्णायक पाऊल कसे ठरते, याचे विवेचन येथे केले आहे.

१. प्रकार म्हणजे काय?

भाषा शिकविणाऱ्या शिक्षकाला ही कल्पना नवी नाही. निबंध, पत्र, संवाद, कथा हे लेखनाचे निरनिराळे प्रकार होत, आणि पत्रात जे शोभते ते निबंधात शोभत नाही, हे तो मुलांना रोज सांगत असतो. लोकपरंपरेतही हेच दिसते. ‘आटपाट नगर’ हे शब्द कानी पडताच ऐकणारा कहाणीसाठी सावरून बसतो; मग त्या नगरात काहीही घडले तरी तो हरकत घेत नाही. कीर्तनात पूर्वरंगात निरूपण व उत्तररंगात आख्यान येणार, हे श्रोत्याला ठाऊक असते. भारुडात सोंग आले की हसावयाचे आहे, आणि हसता हसता काही उमजून घ्यावयाचे आहे, हेही तो जाणतो. म्हणजे प्रकार हा सांगणारा व ऐकणारा यांच्यामधील एक अलिखित करार होय. काय अपेक्षावे, कशावर विश्वास ठेवावा, कोठे हसावे आणि कोठे श्वास रोखावा, हे त्या करारात ठरलेले असते.

चित्रपटासंबंधीही हेच खरे आहे. मराठी प्रेक्षकाने ‘पट’ हा एक शब्द जोडून आपले प्रकार कधीच ओळखून ठेवले आहेत: पौराणिकपट, संतपट, तमाशापट, विनोदपट, रहस्यपट. प्रभातचा ‘संत तुकाराम’ (१९३६) पाहावयास जाणारा प्रेक्षक, ‘ब्रह्मचारी’ (१९३८) पाहून हसणारा प्रेक्षक, ‘सांगत्ये ऐका’ (१९५९) ला गर्दी करणारा प्रेक्षक आणि ‘पाठलाग’ (१९६४) पाहताना खुर्चीच्या कडेवर येणारा प्रेक्षक कित्येकदा एकच असेल. परंतु प्रत्येक वेळी तो निराळी अपेक्षा घेऊन चित्रपटगृहात शिरत होता.

२. आरंभीचे चित्रपट लघुचित्रपटच होते

प्रकार ही मोठ्या चित्रपटांची चैन आहे, पाच मिनिटांच्या चित्रपटाला त्याची काय गरज, अशी शंका येणे संभवते. चित्रपटाचा इतिहास नेमके उलट सांगतो. फ्रान्समधील ल्युमिएर बंधूंनी १८९५ मध्ये दाखविलेल्या चित्रपटांपैकी एक पुरते एक मिनिटही चालत नव्हता. एक माळी रबरी नळीने बागेला पाणी घालीत आहे. एक खोडकर मुलगा मागून येऊन नळीवर पाय देतो. पाणी का थांबले म्हणून माळी नळीच्या तोंडात डोकावतो, तोच मुलगा पाय उचलतो आणि माळी भिजून जातो. पुढे मुलगा पकडला जाऊन त्याला चोपही बसतो. एवढ्या अवधीत तो पूर्ण विनोदपट झाला होता.

आपल्याकडे हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावेदादा यांनी १८९९ मध्ये मुंबईत कुस्तीच्या एका सामन्याचे चित्रण केले. त्यात कथा नव्हती. जे घडले ते जसेच्या तसे दाखविणे हा त्याचा प्रकार होता. दादासाहेब फाळके यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ (१९१३) हा पौराणिकपट काढण्यापूर्वी, १९१२ मध्ये, वाटाण्याच्या दाण्यापासून रोप कसे वाढते हे दाखविणारा एक लहानसा चित्रपट तयार केला. बरेच दिवस थोडे थोडे चित्रण करीत जाऊन, दिवसांची वाढ त्यांनी क्षणांत दाखविली. तो पाहिल्यामुळे मोठ्या चित्रपटासाठी भांडवल उभे राहण्यास साहाय्य झाले. हा प्रयोग आज कोणत्याही शाळेत, खिडकीतील कुंडी व मोबाईल यांच्या साहाय्याने करून पाहता येईल.

या तीन लहान चित्रपटांत एक गोष्ट समान आहे. प्रत्येकाने एकच प्रकार धरला व तो शेवटपर्यंत सोडला नाही. माळी भिजल्यावर कोणी पाण्याच्या काटकसरीवर भाषण केले नाही.

३. लघुचित्रपटात प्रकाराला अधिक महत्त्व का?

दोन-अडीच तासांच्या चित्रपटात ओळख करून देण्यास वेळ असतो. पाच मिनिटांच्या चित्रपटात तो नसतो. पहिल्या वीस-तीस सेकंदांत प्रेक्षकाला पुढील चित्रपट कसा पाहावयाचा हे समजले पाहिजे. अर्धवट उघडे दार, आतील अंधार आणि पावलांचा आवाज एवढे दाखविले की, येथे काही शोधावयाचे आहे, हे कोणी सांगावे लागत नाही. भर उन्हात एक मुलगा मोठ्या माणसाच्या चपला घालून फटक फटक करीत शाळेकडे पळत निघाला की ओठांवर हसू येते. अशा रीतीने प्रकार हा निवेदकाचे काम करतो व मिनिटे वाचवितो.

दुसरा लाभ तयारी करणाऱ्या मुलांचा आहे. ‘पाण्यावर चित्रपट करा’ असे सांगितले तर मुले गोंधळतात. ‘पाण्यावर रहस्यपट करा’ असे सांगताच प्रश्न सुरू होतात: काय हरवले? कोणी पाहिले? खुणा कोणत्या? मर्यादा घातल्याने कल्पनेला चालना मिळते, हा अनुभव निबंधलेखनातही येतो. शिवाय मुलांना हे प्रकार आधीच अवगत असतात. ज्या मुलाला परिच्छेद पाडता येत नाही, त्यालाही रात्री अंगणात भुताची गोष्ट कशी सांगावी, कोठे आवाज खाली आणावा, हे उत्तम कळते. प्रकाराच्या मार्गाने त्याच्या या ज्ञानाला शाळेत प्रवेश मिळतो.

४. एक प्रसंग, चार प्रकार

एकच विषय निरनिराळ्या प्रकारांत घातला असता काय होते, हे एका उदाहरणाने पाहू. ऊसतोडणीचा हंगाम साधारणपणे दिवाळीच्या सुमारास सुरू होऊन मार्च-एप्रिलपर्यंत चालतो. बीडसारख्या जिल्ह्यांतील पुष्कळ कुटुंबे या काळात गाव सोडून कारखान्यांच्या भागात जातात. काही मुले आजी-आजोबांजवळ किंवा हंगामी वसतिगृहात राहतात. काही आईवडिलांबरोबर फडावर जातात. चौथीच्या वर्गात एका बाकावरची जागा रिकामी होते. या मुलाला किसन हे कल्पित नाव देऊ. या रिकाम्या जागेवर चित्रपट करावयाचा आहे.

(अ) माहितीपट: यात जे आहे तेच दाखवावयाचे असते. हजेरीपत्रक, कुलूप लावलेली घरे, पहाटे सामान भरणारी गाडी, मागे राहिलेल्या आजीचे बोलणे, वसतिगृहात रात्री चाललेला अभ्यास. मुले प्रश्न तयार करतात, उत्तरे ऐकून घेतात, लिहून काढतात. या प्रकाराचा करार सत्याचा आहे. म्हणून आजीला पाठ केलेली वाक्ये बोलावयास लावणे, किंवा मागच्या वर्षीचे चित्रण यंदाचे म्हणून दाखविणे, हा करारभंग ठरतो. हा प्रकार सोपा वाटतो, परंतु त्याला सर्वांत अधिक धीर लागतो. आजी चार प्रश्नांना ‘हो’, ‘नाही’ म्हणेल आणि पाचव्या वेळी, कोणी काही विचारले नसताना, खरे बोलेल. त्या वेळी कॅमेरा चालू असला पाहिजे.

(आ) रहस्यपट: बाकाच्या फळीखाली किसनची वही सापडते. तीन मित्र त्याच्या शोधास निघतात. घराला कुलूप आहे. गोठा रिकामा आहे. पडवीच्या भिंतीवर खिळा आहे, पण त्याला नेहमी अडकविलेला कोयता नाही. एकेक खूण जोडीत मुले निष्कर्षाला येतात. शेवटी कोणाच्या तरी मोबाईलवर फोन येतो. किसन बोलतो तेव्हा त्याच्या आवाजामागे उसावर पडणारे कोयत्याचे घाव ऐकू येतात. येथे चित्रपट संपतो. रहस्यपटाचा नियम असा की, प्रेक्षकाला पात्रांच्या बरोबरीनेच कळावे. आधी कळू नये आणि कोणी समजावूनही सांगू नये. या बंधनामुळे भाषणाला जागाच उरत नाही.

(इ) विनोदपट: हा विषय हसण्याचा आहे काय, असा प्रश्न पडेल. न आलेल्या मुलाला हसणे अर्थातच निंद्य होय. परंतु हसू दुसरीकडून येऊ शकते. सतत गैरहजर राहिल्याने किसनचे नाव पटावरून कमी होईल, अशी भीती त्याच्या मित्रांना वाटते. म्हणून ते पाळीपाळीने आवाज बदलून त्याच्या नावाला ‘हजर’ म्हणू लागतात. पहिल्या दिवशी जमते. दुसऱ्या दिवशी दोघे एकदमच ‘हजर’ म्हणतात. तिसऱ्या दिवशी गुरुजी किसनला फळ्यापाशी बोलावतात. मग धावपळ, सबबी, बाकाखाली लपणे. शेवटी गुरुजी हजेरी घेताना किसनचे नाव उच्चारतात, क्षणभर थांबतात आणि सगळा वर्ग गप्प होतो. ज्या प्रेक्षकांनी पाच मिनिटे हसून घेतले, त्यांना ती शांतता अधिक जाणवते. विनोदात गांभीर्य नसते, हा समज किती चुकीचा आहे, हे मुलांना अशा प्रसंगाने कळते.

(ई) भयपट: मुलांना हा प्रकार अतिशय प्रिय असतो आणि बहुधा पहिली मागणी त्याचीच येते. रिकाम्या जागेवरून रात्री आवाज येतो, अशी कल्पना कोणी तरी मांडतेच. येथे शिक्षकाने ती झिडकारू नये. परंतु एक प्रश्न मुलांपुढे ठेवावा: या प्रकाराने किसनचे आपण काय केले? जिवंत, फडावर कष्टाचे दिवस काढणाऱ्या मित्राला आपण भूत करून टाकले. प्रकार कितीही रंजक असला तरी तो विषयाशी बेइमान होऊ शकतो. हे मुलांनी चर्चेतून स्वतः ओळखले तर एका तासिकेचे चीज झाले असे समजावे. भीतीच हवी असेल तर ती दुसरीकडे आहे: नव्या ठिकाणी, अंधार पडल्यावर, आईवडील परत येण्याची वाट पाहत खोपीत धाकट्या भावंडाला घेऊन बसलेल्या मुलाची भीती. ती खरी आहे, आणि तिच्यासाठी भुताची गरज नाही.

यावरून ध्यानात येईल की, प्रकार हा कथेवर चढविलेला अंगरखा नव्हे. प्रकार बदलला की पात्रे बदलतात, शेवट बदलतो आणि किसनसंबंधीची आपली वृत्तीही बदलते.

५. प्रकार ठरल्यावर चित्रण कसे करावे?

प्रकार निश्चित झाला की कॅमेरा कोठे ठेवावा, प्रकाश किती असावा, आवाज कसला असावा, या प्रश्नांची उत्तरे पुष्कळशी आपोआप मिळतात.

रहस्यपटात सर्व काही एकदम दाखवू नये. प्रथम हात दिसावा, मग वही, मग वहीवरील नाव. सकाळचे किंवा सायंकाळचे तिरपे ऊन घ्यावे, म्हणजे सावल्या लांब पडतात. पार्श्वसंगीताचा मोह टाळून दाराची कडी, पावले, वाऱ्याने उलटणारे पान असे आवाज घ्यावेत.

विनोदपटात प्रकाश भरपूर हवा आणि कॅमेरा दूर हवा. हसू चेहऱ्यापेक्षा कृतीतून येते. माळ्याच्या चित्रपटात माळी, नळी व मुलगा ही तिन्ही एकाच दृश्यात दिसतात म्हणूनच मौज येते. एकच गोष्ट तीनदा घडावी, आणि तिसऱ्या वेळी ती अनपेक्षित रीतीने फिरावी, ही जुनी युक्ती आजही उपयोगी पडते.

माहितीपटात बोलणाऱ्याच्या जवळ जाऊन आवाज घ्यावा, कारण मोबाईल दूर ठेवल्यास वारा व गाड्यांचा आवाजच अधिक ऐकू येतो. दुसरा मोबाईल उपलब्ध असल्यास तो बोलणाऱ्याच्या खिशात ठेवून त्यावर केवळ ध्वनी नोंदवावा. बोलणे संपल्यावरही दहा सेकंद चित्रण चालू ठेवावे.

कोणत्याही प्रकारात मोबाईल आडवा धरावा, तो भिंतीला, विटेला किंवा बाकाला टेकवून स्थिर करावा, आणि उजेड पात्राच्या पाठीमागून न येता समोरून किंवा बाजूने येईल असे पाहावे.

कामाची आखणी चार टप्प्यांत करता येईल. पहिल्या तासिकेत विषयावर बोलणे व प्रकाराची निवड करावी. मुलांचे चार गट करून प्रत्येक गटाने एकेका प्रकारात तोच प्रसंग तोंडी सांगावा, व त्यातून वर्गाने एक निवडावा. दुसऱ्या तासिकेत कागदावर चौकटी आखून दृश्ये चित्ररूपाने काढावीत. पाच मिनिटांसाठी तीस-चाळीस चौकटी पुरेशा होतात. तिसरा टप्पा चित्रणाचा. तो शक्यतो एकाच दिवशी व शाळेच्या परिसरातच उरकावा. चौथ्या टप्प्यात दृश्ये जोडावीत आणि, विशेष म्हणजे, कापावीत. जे दृश्य काढून टाकले तरी कथा समजते, ते काढून टाकावे. कापाकापीत सर्वप्रथम बळी जावे ते शेवटचे भाषण.

६. प्रकार आणि अनुकरण

प्रकार धरणे म्हणजे दूरचित्रवाणीवर पाहिलेल्याची नक्कल करणे नव्हे. मुले प्रथम नक्कलच करतील. धिम्या गतीने चालणारा नायक, गडगडणारे संगीत, हातातील लाकडी पिस्तूल. ते स्वाभाविक आहे. परंतु तेथेच थांबू देऊ नये. प्रकाराचे संकेत परके असले तरी त्यात भरावयाचे साहित्य गावातले असावे.

याची उत्तम उदाहरणे उपलब्ध आहेत. इराणमधील दिग्दर्शक अब्बास किआरोस्तामी यांनी तेहरानमधील मुलांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेत आपल्या कारकिर्दीचा आरंभ केला. त्यांचा ‘भाकरी आणि गल्ली’ (१९७०) हा पहिला लघुचित्रपट सुमारे दहा-अकरा मिनिटांचा आहे. भाकरी घेऊन घरी निघालेल्या मुलाच्या वाटेत कुत्रा आडवा येतो, एवढीच कथा. थरारपटाची सारी ओढ त्यात आहे. मात्र शस्त्र नाही, खलनायक नाही. शेवटी भाकरीचा तुकडाच कामी येतो. त्यांच्या १९७५ च्या, सुमारे पाच मिनिटांच्या दुसऱ्या एका चित्रपटात शाळकरी मित्राने परत केलेली वही फाटलेली निघते. त्यावरून होणारे भांडण आणि त्याऐवजी करता येणारी समजूतदार दुरुस्ती, असे दोन्ही मार्ग एकापाठोपाठ दाखविले आहेत. हा चित्रपट उघडउघड बोधपर आहे. पण बोध शब्दांत न सांगता घटनांच्या तुलनेतून दिला आहे. यावरून बोधपट हाही एक सन्मान्य प्रकार आहे, हे मान्य केले पाहिजे. आक्षेप बोधाला नाही. दुसऱ्या प्रकारात चोरपावलांनी शिरून त्याचा करार मोडणाऱ्या भाषणाला आहे.

पुण्याच्या भारतीय चित्रपट आणि दूरचित्रवाणी संस्थेतील विद्यार्थी चिदानंद एस. नाईक यांच्या ‘सनफ्लॉवर्स वेअर द फर्स्ट वन्स टू नो’ या कन्नड लघुचित्रपटाला २०२४ मध्ये कान चित्रपट महोत्सवाच्या विद्यार्थी-चित्रपट विभागात प्रथम पारितोषिक मिळाले. एक म्हातारी गावातला कोंबडा पळविते आणि त्यामुळे गावात सूर्यच उगवत नाही, अशी ती लोककथा आहे. कोंबडे झाकले म्हणून तांबडे फुटायचे राहत नाही, ही म्हण आपल्याकडे कोणाला ठाऊक नाही? लोककथेने ती म्हण उलटी केली आणि चित्रपटाने लोककथेचा करार पाळला: सूर्य का उगवला नाही याचे शास्त्रीय कारण कोणी विचारीत बसत नाही. आपल्या गावातील वृद्धांकडून मुलांनी अशा कथा गोळा केल्या तर अद्भुत प्रकारच्या लघुचित्रपटांना विषयांची वाण पडणार नाही.

मराठीत नागराज मंजुळे यांचा ‘पिस्तुल्या’ (२००९) हा लघुचित्रपट शिक्षकांनी अवश्य पाहावा. तो त्यांचा पहिलाच चित्रपट असून त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. शाळेची ओढ असलेल्या, परंतु परिस्थितीने चोरीच्या वाटेकडे ढकलल्या जाणाऱ्या मुलाची ती कथा आहे. शिक्षणाचे महत्त्व हाच त्याचा विषय म्हणावा लागेल. पण त्या विषयाचे वजन व्याख्यानावर नव्हे, तर त्या मुलाच्या ओढीवर तोललेले आहे.

७. शिक्षकाची जबाबदारी

चित्रपटाचा प्रकार मुलांनी निवडावा. त्या निवडीचे परिणाम त्यांच्या ध्यानात आणून देणे हे शिक्षकाचे काम होय. याबाबत काही पथ्ये अवश्य पाळावीत. चित्रणात दिसणाऱ्या प्रत्येक मुलाच्या पालकांची आधी संमती घ्यावी. खऱ्या मुलाच्या हलाखीवर चित्रपट करताना नाव, घर व ओळख बदलावी. पालकांना व मुख्याध्यापकांना विचारल्यावाचून चित्रपट शाळेबाहेर पाठवू नये. मोबाईलवरून एकदा बाहेर गेलेली दृश्ये परत आणता येत नाहीत. आणि चित्रण केवळ बोलक्या, गोऱ्यागोमट्या मुलांपुरते ठेवू नये. जो मुलगा बोलत नाही तो कदाचित उत्तम पाहतो. त्याच्या हाती कॅमेरा द्यावा.

प्रकार योग्य निवडला की नाही, हे पारखण्याची एक साधी कसोटी सांगता येईल. हंगाम संपतो, गाड्या गावाकडे वळतात आणि उन्हाने रापलेला किसन एक दिवस वर्गाच्या दारात येऊन उभा राहतो. त्याच्या गैरहजेरीत वर्गाने केलेला चित्रपट आता त्याला पहिल्या रांगेत बसवून दाखवावयाचा आहे. चित्रपटात त्याच्या आईवडिलांना अडाणी ठरवून कोणी उपदेश केला असेल, तर किसन मान खाली घालील आणि दुसऱ्या दिवशी कदाचित येणारही नाही. त्याला भूत केले असेल, तर वर्ग त्याला त्या नावाने हाक मारू लागेल. परंतु आपली वही मित्रांनी जपून ठेवली, आपला कोयता भिंतीवर नाही हे कोणाच्या तरी लक्षात आले, आपल्या नावाला कोणी तरी खोट्या आवाजात ‘हजर’ म्हणत होते, हे त्याने पडद्यावर पाहिले, तर तो आपल्या जागेवर जाऊन बसेल.

ज्या प्रकारात केलेला चित्रपट त्या मुलाला पहिल्या रांगेत बसवून निःसंकोचपणे दाखविता येतो, तो प्रकार त्या विषयाला योग्य होय. ही कसोटी प्रकार निवडतानाच, चित्रणाला हात घालण्यापूर्वी, वर्गापुढे ठेवावी.